नाकामागच्या खळग्यातला विषाणू

सिंगापूरमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाच्या हाती वार्षिक आरोग्य तपासणीचा अहवाल पडतो, तेव्हा साखर, कोलेस्टेरॉल, यकृत, मूत्रपिंड या ओळखीच्या ओळींच्या खाली कधीकधी एक अनोळखी ओळ दिसते : 'ईबीव्ही आयजीए'. तिथल्या अनेक खासगी तपासणी पॅकेजांत ही चाचणी असते. पुण्या-मुंबईच्या पॅकेजांत ती सहसा आढळत नाही. इंटरनेटवर शोधलं की ईबीव्ही हा हर्पिस कुळातला विषाणू असल्याचं कळतं आणि त्याच पानावर कॅन्सर हा शब्दही भेटतो. त्यातून आकडा 'पॉझिटिव्ह' असला, तर त्या घरात रात्रभर कुणाला झोप लागत नाही. ही ओळ सिंगापूरच्याच अहवालात का येते, हे नीट समजून घेतलं तर बरीचशी भीती ओसरते. जी उरते ती कामाची असते.

हर्पिस म्हटलं की आपल्याला ओठावर उठणारे तापाचे फोड आठवतात किंवा नागीण. दोन्ही याच कुळातल्या विषाणूंची कामं. कांजिण्या बऱ्या झाल्यावर तो विषाणू मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दडून राहतो आणि उतारवयात नागीण होऊन बाहेर पडतो. एकदा शिरला की जन्मभर मुक्काम, ही या सगळ्या कुळाची रीत आहे. माणसात राहणारे असे आठ विषाणू माहीत आहेत. त्यांतला चौथा म्हणजे एपस्टाइन-बार विषाणू, थोडक्यात ईबीव्ही. जगातल्या सुमारे ९५ टक्के प्रौढांच्या शरीरात तो असतो. हा लेख वाचणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या अंगात तो आहे, असं मी बेधडक म्हणू शकतो. तो लाळेतून पसरतो. आपल्याकडे आई बाळाला स्वतःच्या ताटातला मऊ घास भरवते, भावंडं एकाच पेल्यातून पाणी पितात, त्यामुळे शाळेत जायच्या वयापर्यंत बहुतेक मुलांना त्याची लागण होऊन गेलेली असते. सर्दी-तापासारखं काहीतरी होतं किंवा काहीच होत नाही, आणि घरात कुणाला पत्ताही लागत नाही. घशातल्या टॉन्सिलच्या परिसरात तो रक्तातल्या बी-पेशींमध्ये शिरतो आणि तिथेच गप्प राहतो. अधूनमधून जागा होऊन लाळेत उतरतो, पुढच्या माणसाकडे जातो.

त्याचा शोध लागला तो जबड्याच्या गाठींमुळे. युगांडात काम करणारे आयरिश शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी तिथल्या लहान मुलांच्या जबड्यात झपाट्याने वाढणाऱ्या गाठी पाहिल्या होत्या. मार्च १९६१मध्ये त्यांनी लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये व्याख्यान दिलं. श्रोत्यांमध्ये अँथनी एपस्टाइन होते. उष्ण, दमट प्रदेशापुरत्याच मर्यादित असलेल्या या गाठींमागे विषाणू असावा, असं त्यांच्या मनाने घेतलं. मग कंपालाहून गाठींचे तुकडे विमानाने लंडनला येऊ लागले. दोन-अडीच वर्षं काही हाती लागलं नाही. डिसेंबर १९६३मध्ये धुक्यामुळे एक विमान मँचेस्टरला वळवावं लागलं. नमुना उशिरा पोहोचला आणि बाटलीतलं द्रव गढूळ झालेलं होतं. जंतूंमुळे नासलं म्हणून कुणीही ते फेकून दिलं असतं. एपस्टाइन यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. तो गढूळपणा म्हणजे गाठीपासून सुट्या होऊन तरंगणाऱ्या जिवंत पेशी होत्या. त्या वाढवता आल्या, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यात हर्पिस कुळातला नवा विषाणू दिसला. एपस्टाइन, बर्ट अचाँग आणि इव्हॉन बार यांचा निबंध मार्च १९६४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. माणसात कॅन्सरशी नातं असलेला सापडलेला हा पहिला विषाणू.

पुढची चार-सहा वर्षं विलक्षण होती. अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये वर्नर आणि गर्ट्रूड हेन्ले हे जोडपं या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं लोकांच्या रक्तात शोधत होतं. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञ तरुणीच्या रक्तात ती नव्हती. तिला ताप आला, घसा सुजला, मानेत गाठी आल्या. बरी झाल्यावर पाहिलं, तर प्रतिपिंडं हजर. ग्रंथीज्वर, म्हणजे पाश्चात्त्य देशांत कॉलेजच्या वयातल्या मुलामुलींना गाठणारा तो चिवट घसादुखीचा आजार, याच विषाणूने होतो हे १९६८मध्ये असं सिद्ध झालं. ज्यांना लहानपणी लागण होत नाही, त्यांना तरुणपणी ती जड जाते. तिकडे १९६६मध्ये न्यूयॉर्कच्या लॉइड ओल्ड यांच्या गटाला नाकामागच्या कॅन्सरच्या रुग्णांमध्येही हीच प्रतिपिंडं सापडली होती. १९७०मध्ये हॅराल्ड झुर हाउझेन यांनी त्या गाठींमध्ये विषाणूचा डीएनए दाखवून दिला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागचा विषाणू शोधल्याबद्दल २००८मध्ये नोबेल मिळालं ते हेच शास्त्रज्ञ.

विषाणू एकच, पण आफ्रिकेत तो जबड्यात गाठ करतो, अमेरिकेत घसा सुजवतो आणि दक्षिण चीन, हाँगकाँग, सिंगापूरमध्ये नाकामागे कॅन्सर घडवतो. आफ्रिकेतल्या जबड्याच्या गाठींना हिवतापाची साथ लागते, हे बऱ्यापैकी कळलं आहे. सिंगापूरचं कोडं मात्र जास्त गुंतागुंतीचं निघालं. ते सोडवायला सुरुवात झाली ती साध्या मोजदादीपासून.

सिंगापूरमध्ये ही मोजदाद करणारे गृहस्थ होते प्राध्यापक के. षण्मुगरत्नम. सिलोनी तमिळ कुटुंबातले हे विकृतिशास्त्रज्ञ. सध्याचे सिंगापूरचे राष्ट्राध्यक्ष थर्मन षण्मुगरत्नम हे त्यांचे चिरंजीव. देश स्वतंत्र होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती, तेव्हा १९६८मध्ये त्यांनी सिंगापूरची कर्करोग नोंदवही सुरू केली. त्याआधी पाच वर्षं, १९६३मध्ये, डॉ. दारा जस्सावाला यांनी मुंबईत भारतातली पहिली अशी नोंदवही उभी केली होती. दोघांनाही एक गोष्ट उमगली होती : शहरात किती कॅन्सर, एवढं विचारून भागत नाही. कुणाला, हे विचारावं लागतं. मुंबईच्या नोंदवहीत पारशी, ख्रिस्ती, हिंदू, मुस्लिम समाजांचे आकडे वेगवेगळे काढले गेले. षण्मुगरत्नम यांनी चिनी, मलाय, भारतीय असे गट केलेच, आणि चिनी लोकांतही कँटनीज, होक्किएन, तिओच्यू अशा बोलीगटांप्रमाणे आकडे मांडले. चित्र स्वच्छ उमटलं. नाकामागचा कॅन्सर चिनी लोकांत सर्वाधिक, त्यांतही कँटनीज लोकांत जास्त. मलाय लोकांत मध्यम. भारतीय वंशाच्या लोकांत अगदी विरळ. हवा तीच, पाणी तेच, सरकारी इमारतींमधली घरं तीच, विषाणूही सगळ्यांच्या अंगात, तरी एवढा फरक. षण्मुगरत्नम यांनी या गाठींच्या पेशींचं इतकं बारकाईने वर्गीकरण केलं, की जागतिक आरोग्य संघटनेने १९७८मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणाचे ते मुख्य लेखक ठरले. पुढच्या सगळ्या संशोधनाचा पाया मला या नोंदवहीत दिसतो. अशा कामाला टाळ्या मिळत नाहीत, आणि त्यावाचून पुढचं पाऊलही पडत नाही.

या फरकाचं एक उत्तर रक्तातच होतं. सत्तरच्या दशकात माल्कम सायमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंगापुरातच दाखवलं, की प्रतिकारशक्तीला परका-आपला ओळखायला मदत करणाऱ्या एचएलए प्रथिनांचे काही विशिष्ट नमुने या रुग्णांत जास्त आढळतात. त्यांतल्या एकाला तेव्हा सिंगापूरच्या नावावरून 'सिन-२' म्हणत. या प्रथिनांचं काम म्हणजे विषाणूचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर आणून पहारेकरी टी-पेशींना दाखवणं. ज्यांची प्रथिनं हे काम ईबीव्हीच्या बाबतीत नीट करत नाहीत, त्यांच्यात विषाणूला मोकळं रान मिळतं.

दुसरं उत्तर ताटात होतं. हाँगकाँगचे डॉ. जॉन हो यांना होड्यांवर राहणाऱ्या कोळी समाजात हा रोग फार दिसला, आणि त्यांची नजर कँटनीज पद्धतीच्या खारवलेल्या मासळीकडे गेली. मिमी यू आणि सहकाऱ्यांनी १९८६मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पस्तिशीच्या आतल्या २५० रुग्णांची माहिती घेतली आणि त्यांच्या आयांना विचारलं, मूल अंगावरचं दूध सोडत होतं तेव्हा त्याला काय भरवत होता? भाताच्या पेजेत कालवलेली खारी मासळी, हे उत्तर वारंवार आलं. या मासळीत नायट्रोसामाइन नावाची कर्कजनक द्रव्यं तयार होतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९३मध्ये चिनी पद्धतीच्या खारवलेल्या मासळीला माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

कोकणी आणि मालवणी वाचकांच्या पोटात इथे गोळा आला असेल, म्हणून लगेच सांगतो. त्याच अहवालात इतर प्रकारच्या खारवलेल्या मासळीबद्दल पुरेसा पुरावा नसल्याचं नमूद आहे. चिनी पद्धतीत मासा मिठात घालण्याआधी किंवा घालताना थोडा कुजवून मऊ करतात. आपल्या कडक उन्हात वाळवलेल्या बोंबील-सुकटीला तो निष्कर्ष लागू होत नाही. पण तान्ह्या बाळाला मिठात मुरलेलं काहीही भरवू नये, हे आपल्या आज्याही सांगत आल्या आहेत. ते पाळायला अहवालाची गरज नाही.

तिसरं उत्तर अगदी अलीकडचं आहे, आणि त्यात सिंगापूरच्या जीनोम संस्थेचा मोठा वाटा आहे. तिथले ल्यू ज्येनज्युन आणि ग्वांगझौच्या सुन यात-सेन विद्यापीठाचे संशोधक यांनी रुग्णांच्या आणि निरोगी लोकांच्या शरीरातल्या ईबीव्हीचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचला. २०१९मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मध्ये त्यांनी दाखवलं, की विषाणूच्या एका जनुकात ठरावीक बदल असलेले उपप्रकार दक्षिण चीनमधल्या या रोगाच्या ८० टक्क्यांहून अधिक धोक्याशी निगडित आहेत. म्हणजे विषाणू सगळीकडे एकच, हे माझं वरचं वाक्य तितकंसं खरं नाही. घराणं एक, पण त्या भागात फिरणाऱ्या शाखा जास्त घातक आहेत.

ही तिन्ही कारणं एकत्र आली, तरच बहुधा रोग होतो, आणि त्यालाही दशकं लागतात. म्हणून एकट्या विषाणूला घाबरण्यात अर्थ नाही. राहणीमान बदललं, खारी मासळी बाळांच्या पेजेतून गेली, तसा रोगही ओसरत चालला आहे. हाँगकाँगमध्ये १९८०-८४ या काळात दर लाख पुरुषांमागे २८.५ असलेलं प्रमाण १९९५-९९पर्यंत २०.२वर आलं. सिंगापूरच्या चिनी लोकांतही ते उतरलं आहे. भारतात हा रोग दुर्मीळ आहे, पण नागालँड आणि ईशान्येचे काही भाग त्याला अपवाद आहेत. तिथली प्रमाणं दक्षिण चीनची आठवण करून देतात. आपल्या महाराष्ट्रात डोकं आणि मानेच्या कॅन्सरची गोष्ट मुख्यतः तंबाखू, गुटखा आणि मशेरीची आहे. परळच्या टाटा हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागात ती रोज दिसते. तिथे विषाणूवर बोट ठेवायची सोय नाही.

आता ही जागा नेमकी कुठे आहे ते पाहू, कारण लक्षणं सगळी त्या जागेवरून ठरतात. नाकपुड्यांतून सरळ मागे गेलं, की पडजिभेच्या वर आणि कवटीच्या तळाच्या खाली एक पोकळी लागते. तिच्या दोन्ही बाजूंना एक-एक खळगा आहे. रोझेनम्युलर या जर्मन शरीररचनातज्ज्ञाचं नाव त्याला मिळालं आहे. कॅन्सर बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. तोंड उघडून आरशात पाहिलं तरी हा खळगा दिसत नाही. तिथे गाठ वाढली तरी दुखत नाही. मात्र अगदी शेजारी मध्यकर्णाकडे जाणाऱ्या नळीचं तोंड आहे. गाठीने ते दाबलं, की कानात हवेचा दाब सारखा राहत नाही, पडद्यामागे पाणी साठतं. विमान उतरताना कान भरतात तसं एकाच कानाला वाटत राहतं, ऐकू कमी येतं, आवाज घुमतो. लहान मुलांना सर्दीमुळे असं होतंच. पण प्रौढ माणसाच्या एकाच कानात, सर्दी नसताना पाणी साठलं, तर सिंगापूरचा कान-नाक-घसा तज्ज्ञ नाकामागे दुर्बीण घालून पाहिल्याशिवाय राहत नाही.

गाठीला रक्तपुरवठा भरपूर असतो. सकाळी खाकरून थुंकल्यावर कफात रक्ताची रेघ दिसते. नाकातून भळभळ रक्त येईलच असं नाही. या भागातल्या लसीकावाहिन्या थेट मानेच्या वरच्या ग्रंथींमध्ये उतरतात, म्हणून रुग्णाला बहुतेक वेळा पहिल्यांदा जाणवते ती जबड्याच्या कोनाखाली, कानामागे उतरत गेलेली, न दुखणारी घट्ट गाठ. दाढी करताना ती हाताला लागते. रोग वर कवटीकडे सरकला, तर डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी नस आधी सापडते आणि एकाचे दोन दिसू लागतात. चेहऱ्याला संवेदना देणारी नस सापडली, तर गालाला बधिरपणा येतो. दुर्दैवाने बरेच रुग्ण इथवर पोहोचल्यावरच डॉक्टरकडे जातात. स्त्रियांपेक्षा पुरुषांत हा रोग दोन-तीन पट जास्त, आणि वयही साधारण चाळीस ते साठ, म्हणजे घर चालवणाऱ्या माणसाचं. मलेशियाचा बॅडमिंटनपटू ली चाँग वेई, तीन ऑलिंपिक रौप्यपदकांचा मानकरी, याला २०१८मध्ये वयाच्या पस्तिशीत हा कॅन्सर झाला. तो लवकर सापडला, उपचार झाले, आणि पुढच्या वर्षी त्याने खेळातून निवृत्ती घेतली. सिंगापूर-मलेशियात घराघरांत या आजाराची चर्चा झाली ती तेव्हा.

आता ती अहवालातली ओळ. ईबीव्हीविरुद्धची आयजीजी प्रतिपिंडं जवळजवळ सगळ्यांत असतात, त्यांना अर्थ नाही. आयजीए हा नाक-घशाच्या ओल्या अस्तराशी जोडलेला प्रकार आहे. तो वाढला, तर विषाणू त्या भागात पुन्हा हालचाल करत असल्याची ती एक खूण असते. पण पॉझिटिव्ह आलेल्या बहुसंख्य लोकांना कॅन्सर नसतो. जिथे रोग मुळात विरळ आहे, त्या समाजात तर खोट्या धोक्याच्या घंटा खऱ्या घंटांपेक्षा कितीतरी जास्त वाजतात. म्हणून मराठी घरातल्या, कुटुंबात हा रोग नसलेल्या, लक्षणं नसलेल्या माणसाला ही चाचणी हवीच असं मला वाटत नाही. चिनी वंशाच्या घरात आई, वडील, भाऊ किंवा बहिणीला हा कॅन्सर झाला असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. त्या लोकांना धोका कित्येक पटींनी वाढलेला असतो, आणि सिंगापूरमध्ये त्यांना तपासणीचा सल्ला दिला जातो. सिंगापूरमध्ये मराठी-चिनी संसारही आहेत. तिथे सासर-माहेर दोन्हीकडचा आजारांचा इतिहास डॉक्टरला सांगावा.

प्रतिपिंडांपेक्षा चांगली वाट हाँगकाँगच्या डेनिस लो यांनी दाखवली. गाठीतल्या पेशी मरतात, तेव्हा विषाणूच्या डीएनएचे तुकडे रक्तात सांडतात. १९९९मध्ये लो यांच्या गटाने ते ५७पैकी ५५ रुग्णांच्या रक्तद्रवात मोजून दाखवले. मग त्यांनी लक्षणं नसलेल्या ४० ते ६२ वयाच्या २०,१७४ चिनी पुरुषांची चाचणी घेतली. पहिल्या खेपेला १,११२ जण पॉझिटिव्ह आले. चार आठवड्यांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा ३०९ उरले. त्यांतल्या बहुतेकांची दुर्बिणीने आणि एमआरआयने तपासणी केल्यावर ३४ जणांत कॅन्सर सापडला. त्यांतले ७१ टक्के पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात होते. पूर्वीच्या, चाचणीविना आलेल्या रुग्णांत हेच प्रमाण २० टक्के होतं. हा अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. २०२३मध्ये दक्षिण चीनमधल्या सुमारे २५ हजार लोकांवरच्या अभ्यासातून आणखी नेमकी प्रतिपिंड चाचणीही पुढे आली. हे आकडे मुद्दाम दिले. एकदा पॉझिटिव्ह येणं आणि रोग असणं यांत किती अंतर आहे, ते १,११२ आणि ३४ या दोन संख्यांत दिसतं.

उपचाराची मदार रेडिएशनवर आहे. त्या खोल जागी चाकू सहजी पोहोचत नाही, आणि सुदैवाने ही गाठ किरणांना चांगली दाद देते. पहिल्या टप्प्यातले बहुतेक रुग्ण बरे होतात. पुढच्या टप्प्यांत केमो जोडावा का, यावर १९९८मध्ये एका अमेरिकी अभ्यासाने होकार दिला होता. पण अमेरिकेतल्या रुग्णांच्या गाठी वेगळ्या जातीच्या, म्हणून आशियात शंका होती. सिंगापूरच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातले जोसेफ वी आणि सहकाऱ्यांनी २२१ स्थानिक रुग्णांवर तोच प्रयोग केला आणि २००५मध्ये ठाम उत्तर दिलं : इथेही केमोने आयुष्य वाढतं. दुसऱ्यांच्या देशातलं औषध आपल्या माणसांवर तपासूनच घ्यावं, याचं हे मला फार आवडणारं उदाहरण आहे.

प्रत्येक प्रयत्न मात्र सफल झाला नाही. याच केंद्रातल्या डॉ. तो हान चाँग यांनी रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशींना प्रयोगशाळेत ईबीव्ही ओळखायला शिकवून परत देण्याचा मार्ग धरला. २०१४मध्ये छोट्या अभ्यासाचे निकाल फार आशादायक होते. त्यानंतर पाच देशांतल्या ३३० रुग्णांवर मोठी चाचणी झाली, आणि २०२२मध्ये कळलं, की नुसत्या केमोपेक्षा आयुष्य वाढलं नाही. अपयशी निकालही सगळ्यांसमोर ठेवला गेला, त्यामुळे पुढचे लोक तीच वाट पुन्हा चालणार नाहीत. दरम्यान प्रतिकारशक्तीचे लगाम सोडणारी टोरिपॅलिमॅबसारखी औषधं आली. अमेरिकेत त्याला ऑक्टोबर २०२३मध्ये मान्यता मिळाली. विषाणूविरुद्धची लस अजून बाजारात नाही.

बरं झालेल्यांचं पुढचं आयुष्य सोपं नसतं, हेही सांगायला हवं. किरणांनी लाळग्रंथी कोरड्या पडतात. भाकरी-पोळीच्या प्रत्येक घासाला पाण्याचा घोट लागतो. दात झपाट्याने किडतात, म्हणून रेडिएशनच्या आधीच दंतवैद्याकडे जाऊन यावं लागतं. काही वर्षांनी ऐकू कमी येतं, मान आखडते, थायरॉइड मंदावतं. आताचं नेमकं रेडिएशन लाळग्रंथी बरीचशी वाचवतं, पण पूर्ण नाही. घरच्यांनी हे आधीपासून समजून घेतलं, तर जेवणाच्या ताटावरची चिडचिड कमी होते.

तुम्ही सिंगापूरमध्ये असा, नागालँडच्या दिमापूरमध्ये किंवा सांगलीत : मानेतली न दुखणारी गाठ, एकाच कानाला दडे बसल्यासारखं वाटणं, कफात रक्ताची रेघ किंवा एकाच बाजूने चोंदलेलं नाक यांतलं काहीही दोन-तीन आठवड्यांत गेलं नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा, आणि नाकामागे दुर्बिणीने पाहायला सांगा. ती तपासणी काही मिनिटांत होते.